कोयता सापडला, पुढं काय?

सातारा-सांगलीकडं कोयत्यानं वार झाल्याची बातमी आली की पाठोपाठ दुसरी येते : "आरोपी जेरबंद, रक्ताने माखलेला कोयता जप्त." खाली आपल्या कमेंटी सुरू. पुरावा मिळाला, आता फाशीच द्या!

मंडळी, कोर्टात एवढ्यावर भागत नाही.

आपला ऊसपट्टा. कोयता घरोघरी असतो, आणि यात्रेला बकरं कापलं तरी पात्याला रक्त लागतं. म्हणून पहिला प्रश्न, रक्त माणसाचं का जनावराचं? माणसाचं असलं तर कुणाचं? नुसता 'बी' किंवा 'ओ' गट जुळून काय होणार, त्या गटाची माणसं गावात शेकड्यानं असतात. डीएनए जुळला तर गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात आरोपीचा शर्ट, पँट आणि अर्धं ब्लेड यांवर माणसाचं रक्त निघालं होतं. पण ते मयताचंच, हे जोडता आलं नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. छत्तीसगडच्या खटल्यात 2024 साली तेच. प्रत्यक्षदर्शी पक्का असेल तर रक्ताच्या अहवालातली उणीव खपून जाते. पण गावात साक्षीदार किती टिकतात, हे आपण सगळे जाणतो.

"मीच कोयता लपवला, दाखवतो" हे आरोपीचं बोलणं जुन्या 27 कलमाखाली, म्हणजे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमाखाली, वस्तू सापडल्यापुरतंच चालतं. "यानंच मारलं" हा भाग बाद.

आणि ओले कपडे तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले तर रक्त कुजतं. सावलीत वाळवायचे, कागदात गुंडाळायचे, पंचांसमोर सील करायचे. साधं काम, पण त्यातच केस जाते. मग मयताच्या घरच्यांनी कुणाकडं बघायचं? आणि भलताच पोरगा आत गेला असेल तर त्याच्या आईनं?

1 जुलै 2024 पासून सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, असं नवा कायदा म्हणतो. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवलत आहे (सवलत म्हटली की आपल्याकडं काय होतं, सांगायला नको). पण झडती-जप्तीचं चित्रीकरण 105 व्या कलमानं आत्ताच सक्तीचं आहे. पुढच्या वेळी आमदारांना, एसपी साहेबांना निवेदन देताना "कडक कारवाई"च्या खाली एवढं लिहा : जप्तीचं शूटिंग झालं का, आणि मुद्देमाल प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेला?