रॉबिन हूडला दानशूर कोणी केले?



रॉबिन हूड म्हणजे श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा इंग्लंडचा दरोडेखोर, असे शाळेपासून ऐकत आलो. ही गोष्ट अर्धी आहे, आणि मोठ्यांच्या सोयीची आहे.

सन १५०० च्या सुमारास छापलेले 'अ गेस्ट ऑफ रॉबिन हूड' हे जुने कथाकाव्य काय सांगते? तिथे रॉबिन उमराव नाही, साधा स्वतंत्र माणूस आहे. नांगर हाकणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, ही त्याची साथीदारांना ताकीद. त्याला भेटतो एक बुडालेला सरदार. यॉर्कच्या सेंट मेरी मठाकडे ४०० पौंडांपोटी त्याची जमीन गहाण. मुदत टळली की जमीन मठाची, आणि मठाधिपती त्याच दिवसाची वाट पाहत बसलेला!

कर्ज सरदाराचे होते, कुणब्याचे नव्हे, हे कबूल. पण गहाणाची ही रीत ओळखीची वाटते ना?

रॉबिन भीक घालत नाही. ४०० पौंड वर्षाच्या बोलीने उसने देतो. जमीन सुटते. पुढे त्याच मठाच्या कोठावळ्या साधूकडून ८०० पौंड काढून घेतो आणि सरदाराचे उसने सोडून देतो. हा दानधर्म नव्हे, हिशेब आहे.

१५९८ मध्ये अँथनी मंडेच्या नाटकांनी याच रॉबिनला हंटिंग्डनचा अर्ल करून टाकले. नायक उमराव झाला की हिशेब पुसला जातो, दया तेवढी उरते.

पोरांना ही गोष्ट सांगाल तेव्हा गहाणखत गाळू नका.