अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. परीक्षेत गुण कमी पडले, कुस्तीत पाठ लागली, धंद्यात खोट आली, की कोणीतरी ही म्हण तोंडावर फेकतोच. म्हण मोठी सोयीची आहे. ती एकदा उच्चारली की अंगण तपासण्याचे श्रम वाचतात. पण वाचकहो, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते! आणि ज्याला उत्तम नाचता येते त्याच्यामुळेच ते वाकडेपण सर्वांत जास्त काळ झाकून राहते. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून ते एका अशा क्षेत्रातील उदाहरणाने मांडते, की जेथे माणसाचे यश सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले जाते. ते क्षेत्र म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक शर्यती, अर्थात मोटोजीपी.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात मोटारसायकलींवर लिहावे, याचे कोणाला हसू येईल. येऊ द्या! हा नाद मूळचा माझ्या धाकट्या भावाचा. घरात मोबाईल एक आणि माणसे पाच, त्यामुळे त्याचा नाद हळूहळू सर्वांचाच झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ही शर्यत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, तेव्हा आमच्या ओसरीवर आळीतली सात-आठ पोरे त्या एवढ्याशा पडद्याभोवती दाटीने बसली होती. मार्क मार्केझ हा स्पेनचा जगज्जेता त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर असताना पडला, उठला, पुन्हा गाडीवर बसला आणि नववा आला. पोरांनी लगेच निकाल दिला : “संपला आता हा!” एवढ्या झटपट निकालाविषयीच मला काही म्हणायचे आहे.

हा मार्केझ कोण? १९९३ साली स्पेनमधील सेर्वेरा या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. २०१३ मध्ये, विसाव्या वर्षी, होंडाच्या गाडीवर तो सर्वोच्च गटातील जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात हा मान त्याच्याआधी कोणालाही मिळाला नव्हता. त्यानंतर २०१४, २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ अशी आणखी पाच अजिंक्यपदे त्याने होंडावरच मिळवली. २०१९ चा हंगाम तर विलक्षणच म्हटला पाहिजे. एकोणीस शर्यतींपैकी बारा त्याने जिंकल्या, सहांत तो दुसरा आला आणि फक्त एकीत पडला. एकूण गुण ४२०. त्या वर्षी उत्पादकांचे अजिंक्यपदही होंडालाच मिळाले. जगाने मान डोलावली : असा स्वार आणि अशी गाडी!

पण त्याच वर्षीचा गुणतक्ता जरा खालपर्यंत वाचावा. होंडाच्या त्याच संघात, मार्केझच्या शेजारी, होर्हे लोरेंझो नावाचा दुसरा स्वार होता. हा काही नवशिका नव्हे! २०१०, २०१२ आणि २०१५ अशी तीन वेळा तो याच गटात जगज्जेता झालेला. होंडावर त्याला वर्षभरात मिळालेले गुण २८ आणि क्रमांक एकोणिसावा. मध्ये मणक्याच्या दुखापतीमुळे काही शर्यती हुकल्या हे खरे. पण ज्या हुकल्या नाहीत त्यांतही तो पहिल्या दहांत येऊ शकला नाही. वर्षअखेर तो निवृत्तच झाला. आता आणखी एक हिशेब पाहा. उत्पादकांच्या तक्त्यात प्रत्येक शर्यतीतील त्या कंपनीच्या सर्वांत पुढच्या गाडीचे गुण धरतात. होंडाचे एकूण गुण झाले ४२६. त्यातले ४२० मार्केझचे! तो ज्या शर्यतीत पडला त्या एका शर्यतीत दुसऱ्या होंडास्वाराने सहा गुण आणले, एवढीच काय ती भर.

याचा अर्थ काय? अर्थ असा, की होंडाची गाडी २०१९ मध्येच अवघड होऊन बसली होती. मार्केझ अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो, गाडी इतकी कलवतो की कोपर जमिनीला घासते, आणि पुढचे चाक घसरले तर गुडघ्याने व कोपराने तिला पुन्हा उभी करतो. दुसरा स्वार जेथे हमखास पडेल तेथे तो पडत नसे. त्यामुळे दोष कोणाला दिसतच नव्हता. जिंकणारा जे मागेल तशी गाडी घडत गेली आणि ती त्याच्या एकट्याच्याच हाताची झाली. याउलट इटलीच्या डुकाटीने पुढे २०२२ पासून आठ स्वारांच्या हाती गाड्या दिल्या. आठ जणांच्या तक्रारी ऐकून जी गाडी सुधारते आणि एकाच्या पराक्रमावर जी गाडी विसंबते, त्या दोहोंत शेवटी कोणती पुढे जाणार, हे सांगायला यंत्रशास्त्र शिकावे लागत नाही.

मग १९ जुलै २०२० चा दिवस उजाडला. स्पेनमध्ये हेरेस येथील शर्यतीत मार्केझ सुरुवातीलाच मागे पडला, तेथून झपाट्याने तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला, आणि कोसळला. उजव्या दंडाचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांत तो पुन्हा गाडीवर बसला! ते त्याला फार महागात पडले. दुसरी शस्त्रक्रिया, मग तिसरी, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत चौथी. तो नसताना २०२० मध्ये होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. झाकण उडाले, आणि आत काय होते ते सर्वांना दिसले. २०२२ मध्ये होंडा उत्पादकांच्या तक्त्यात शेवटची आली. त्या वर्षी जर्मनीतील शर्यतीत तर होंडाच्या एकाही गाडीला एकही गुण मिळाला नाही. असे १९८२ नंतर प्रथमच घडत होते.

या काळातला मार्केझ पाहणे फार क्लेशदायक होते. यंत्रात जे कमी होते ते तो अंगाने भरून काढू पाहत होता. जर्मनीतील झाक्सेनरिंगवर तो पूर्वी वेगवेगळ्या गटांत मिळून ओळीने अकरा वेळा जिंकलेला. त्याच झाक्सेनरिंगवर २०२३ मध्ये तीन दिवसांत तो पाच वेळा पडला आणि रविवारची मुख्य शर्यत सोडून देण्याची पाळी त्याच्यावर आली. त्या हंगामात दुखापतींमुळे काही शर्यती बुडाल्या हे धरूनही त्याचे गुण झाले अवघे ९६ आणि क्रमांक चौदावा. चार वर्षांपूर्वीचे ४२० गुण मिळवणारा हा तोच माणूस! तो गाडी चालवायला विसरला होता काय?

त्याच वर्षाच्या अखेरीस, करार आणखी एक वर्ष शिल्लक असताना, त्याने होंडा सोडली. अकरा वर्षांचा सहवास, सहा अजिंक्यपदे आणि बक्कळ पैसा मागे ठेवून तो ग्रेसिनी या खाजगी संघात गेला. तेथे त्याला मिळाली डुकाटीची आदल्या वर्षीची जुनी गाडी. काहींनी याला बेइमानी म्हटले. मला तसे वाटत नाही. दोष आपल्यात आहे की साधनात, हे ज्याला प्रामाणिकपणे जाणून घ्यायचे आहे त्याने साधन एकदा बदलून पाहिलेच पाहिजे. त्यात मोठा धोकाही असतो. जुन्या गाडीवर तो हरायचा तेव्हा निदान सबब तरी होती. नव्या गाडीवर हरला असता तर सबबही उरली नसती! १ सप्टेंबर २०२४ रोजी आरागॉन येथे तो जिंकला, तब्बल १,०४३ दिवसांनी. त्या हंगामात तो तिसरा आला. पुढच्या वर्षी डुकाटीने त्याला आपल्या मुख्य संघात घेतले आणि २८ सप्टेंबर २०२५ रोजी जपानमधील मोतेगी येथे, होंडाने बांधलेल्याच मार्गावर, तो सातव्यांदा या गटाचा जगज्जेता झाला. आमच्या आळीतली पोरे त्या दिवशी काय म्हणाली असतील, ते सांगण्याची गरज नाही.

येथे कोणी म्हणेल, “तर मग सारे यंत्राचेच! माणसाचे कर्तृत्व काय राहिले?” हा आक्षेप मला मान्य नाही, आणि त्याचे उत्तरही २०२५ च्याच तक्त्यात आहे. डुकाटीच्या त्याच संघात इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया होता. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांचा तो जगज्जेता. मार्केझला दुखापतीमुळे शेवटच्या काही शर्यती मुकाव्या लागूनही ५४५ गुण मिळाले, तर बान्यायाला २८८. तेव्हा चांगले यंत्र मिळाले की काम झाले, असेही नाही. ते हाताला बसावे लागते. आमच्या सातारा भागात छकड्याच्या शर्यती होतात. तेथील अडाणी समजली जाणारी माणसे हे बरोबर जाणतात. गाडी मागे राहिली की ती गाडीवानाला विचारतात, बैलांना विचारतात, चाकाला विचारतात आणि चाकोरीलाही विचारतात. सुशिक्षित माणसे मात्र फक्त गाडीवानाचेच नाव घेतात!

मला हा विषय का सुचला, ते आता सांगते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेला सहा किलोमीटर चालावे लागते आणि वाटेत ओढा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावचा एक मुलगा ही वाट तुडवीत शिकला आणि मोठा अधिकारी झाला. त्याची मिरवणूक निघाली, वेशीवर फलक लागला. योग्यच झाले. पण त्यानंतर ओढ्यावर पूल हवा, सकाळी गाडी हवी, असे कोणी म्हटले की जाणती मंडळी म्हणू लागली, “त्याला कुठं होता पूल? शिकायचं असलं की माणूस शिकतंय!” त्या मुलाचा पराक्रम असा गावाच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. सातवीला माझ्याबरोबर नऊ मुली होत्या. दहावीला तिघी पोहोचलो. महाविद्यालयात आलेली मी एकटी. आई-वडिलांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांना याचा केवढा आनंद! पण अलीकडे गावी गेले की मला दुसरेच काही ऐकू येते. कोणाची मुलगी ओढ्याच्या पाण्यापायी घरी बसली, तर तिच्या आईला सांगतात, “ती नाही का गेली कॉलेजात?” ती म्हणजे मी! त्या आठ मुलींपैकी निदान दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, हे मला पक्के ठाऊक आहे. गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव असते. ओढ्याचे नसते, कंदिलाचे नसते, घरच्या पाळीव जनावरांचे आणि धाकट्या भावंडांचेही नसते.

मोटोजीपीच्या चालकांनी या बाबतीत शहाणपणा दाखवला, असे मला वाटते. २०२४ पासून त्यांनी उत्पादकांचे चार गट केले. जो मागे पडला त्याला सरावाचे जास्त दिवस आणि इंजिनात सुधारणा करण्याची जास्त मुभा दिली. पुढे असणाऱ्यांना ती मुभा कमी. होंडा आणि यामाहा या एके काळच्या बलाढ्य कंपन्या तळाच्या गटात बसल्या. यामुळे शर्यतीची गुणवत्ता बुडाली असे कोणी म्हटले नाही. मे २०२५ मध्ये फ्रान्समधील शर्यत होंडाच्याच गाडीवर योहान झार्कोने जिंकली, आणि त्या हंगामाच्या अखेरीस होंडा तळाच्या गटातून वर सरकली. सवलत म्हणजे कमीपणा नव्हे. सवलत म्हणजे अंगण सारखे करणे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना जे न लाजता घेता येते, ते आपल्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने घेतले तर मागच्या बाकावर कुजबुज का व्हावी? याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करावा, आणि गुरुजनांनीही करावा अशी माझी नम्र विनंती आहे.

अपवादात्मक माणसाचे कौतुक जरूर व्हावे. मार्केझने वाकड्या अंगणात वर्षानुवर्षे जो नाच केला त्याला तोड नाही. पण त्याच्या नाचाचा खरा उपयोग झाला असता, तर २०१९ मध्येच कोणीतरी लोरेंझोच्या २८ गुणांकडे पाहून म्हटले असते, “थांबा, अंगण तपासू या.” ते कोणी म्हटले नाही, आणि त्याची किंमत अखेर एका उमद्या माणसाच्या मोडक्या दंडाने आणि वाया गेलेल्या वर्षांनी मोजली. आमच्या ओढ्याची किंमत कोण मोजते आहे, हे मी वर सांगितलेच आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी पुढे आला, कोणी पहिली आली, तर टाळ्या अवश्य वाजवाव्यात. फक्त टाळ्या वाजवून झाल्या की कोणीतरी फावडे हाती घ्यावे.

— द्वितीय वर्ष, कला