नावांचा मक्ता आणि कापसाचा पैसा



गेल्या जिल्हा बैठकीत चहाच्या वेळी तिघांनी मला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला. पोरगा म्हणतो, इंटरनेटवरची नावे आज हजार रुपयाला मिळतात, घेऊन ठेवू, उद्या लाखांनी जातील. तर कापसाचे पैसे द्यावेत का? तिघांच्याही पोरांनी सांगितलेली नावे एकाच जातीची होती, 'व्हर्च्युअल रिॲलिटी'ची. तिघांनाही मी म्हणालो, सवडीने सांगतो. सवडीने सांगण्याचे कारण असे की हा प्रकार माझ्याच घरात होऊन गेला आहे, आणि तो चहाच्या कपाएवढ्या वेळात सांगण्यासारखा नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. इंटरनेटवर प्रत्येक दुकानाला, वर्तमानपत्राला, बँकेला एक पत्ता लागतो, अमुक अमुक डॉट कॉम असा. त्याला डोमेन नाव म्हणतात. एक नाव एकालाच मिळते. आधी येईल त्याला मिळते, मग तो धंदा करो की नुसता धरून बसो. १९९५ पर्यंत ही नावे फुकट मिळत होती. त्या वर्षी दोन वर्षांना शंभर डॉलर असा आकार सुरू झाला. ज्यांनी त्या काळात साधी, रोजच्या वापरातली इंग्रजी नावे धरून ठेवली त्यांतल्या काहींचे सोने झाले, हे खोटे नाही. 'बिझनेस डॉट कॉम' १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला गेले. 'इन्शुरन्स डॉट कॉम' २०१० मध्ये ३ कोटी ५६ लाख डॉलरला आणि 'व्हॉईस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला. शहरातल्या हॉटेलात पोरांना बसवून जे वर्ग घेतले जातात, त्यांत हेच आकडे भिंतीवर दाखवतात. आकडे खरे आहेत, म्हणूनच पोरगा फसतो. तीन कोटी डॉलर देऊन 'व्हॉईस' घेणाऱ्या कंपनीने त्या नावावर जे काढले ते २०२३ मध्ये बंद झाले, एवढे मात्र भिंतीवर दिसत नाही.

आता व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा चढवायचा, की समोर खोटे जग खऱ्यासारखे उभे राहते. मान फिरवली की तेही फिरते. वैमानिकाला विमान न पाडता शिकवायला, डॉक्टरला माणूस न कापता हात बसवायला ही वस्तू उपयोगाची आहे. तंत्रज्ञानाला नावे ठेवणारा मी नव्हे. बियाण्यातले नवे तंत्र मिळावे म्हणून आपण झगडलो, ते चष्म्याला का विरोध करू? पण वस्तू चांगली असणे वेगळे आणि तिच्या नावाचा सट्टा चांगला असणे वेगळे.

या सट्ट्याच्या दोन लाटा आल्या. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही चष्म्याची कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले आणि 'व्हीआर' ही दोन अक्षरे मागेपुढे जोडून जे सुचेल ते नाव लोक नोंदवू लागले. दुसरी लाट २०२१ ची. ऑक्टोबरमध्ये फेसबुकने आपल्या कंपनीचे नाव बदलून 'मेटा' केले. पुढच्याच महिन्यात डिसेंट्रालँड नावाच्या आभासी जगातला जमिनीचा एक तुकडा २४ लाख डॉलरला विकला गेला. ती जमीन म्हणजे पडद्यावरचे चित्र. तिच्यावर हराळीही उगवत नाही.

आता नेमके त्याच हंगामात आपल्याकडे काय चालले होते, आठवा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांवर गेला होता. हमीभाव सहा हजारांच्या आसपास आणि बाजार दहाच्या वर, असे आपल्या आयुष्यात किती वेळा झाले? घरोघर दोन पैसे शिल्लक राहिले. माझा पुतण्या पुण्यात शिकून परत आलेला. वर्गाची फी भरून आला आणि म्हणाला, "काका, ही डिजिटल जमीन आहे. आज घ्यायची, पाच वर्षांनी विकायची." त्याने साठ नावे घेतली. व्हीआर शेती, व्हीआर कापूस, व्हीआर मंडी, मेटा ट्रॅक्टर, असली. पहिल्या वर्षी सवलत होती, नावामागे सातशे रुपये पडले. बेचाळीस हजार झाले, म्हणजे त्या भावाने सव्वाचार क्विंटलही कापूस नाही. भाऊ म्हणाला, जाऊ द्या, पोराची हौस आहे. मीही मान हलवली.

इथे पहिली मेख आहे. पोरगा जमीन म्हणाला, पण हिला सातबारा नाही. हा मक्ता आहे. दरवर्षी पैसे भरायचे, नाही भरले की काही दिवसांची मुदत, मग नाव परत बाजारात. वहिवाट नाही, कूळकायदा नाही. दुसऱ्या वर्षी सवलत गेली, नावामागे बाराशे लागले. साठ नावांचे बहात्तर हजार. २०२३ मध्ये आमचा कापूस आठ हजारांनी गेला, म्हणजे नऊ क्विंटल. तिसऱ्या वर्षी त्याने वीस नावे सोडली, चाळीस ठेवली, साडेबाराशेच्या दराने पन्नास हजार भरले. कापूस सात हजारांनी घातला होता, म्हणजे सात क्विंटलच्या वर. बेरीज करा. एक लाख चौसष्ट हजार रुपये, वीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याला ते किती एकर होतात, आणि त्या वेचायला किती बाया किती दिवस लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नावे तीच, उलट वीस कमी झालेली. माल आमचा स्वस्त होत गेला आणि मक्ता महाग.

हा मक्ता घेतो कोण? डॉट कॉमची सगळी नावे व्हेरिसाईन या एकाच अमेरिकन कंपनीच्या वहीत असतात. पंधरा कोटींहून जास्त नावे आहेत. गावातला दुकानदार बदलता येतो, वही तीच राहते. अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानुसार तिला भाव वाढवता येतो. २०२१ मध्ये घाऊक भाव नावामागे ७.८५ डॉलर होता, सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला. नाव विको न विको, तिचा पैसा ठरलेला. आपल्याकडे १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि जवळपास तीस वर्षे आपण ती भोगली. त्यामुळे एकाधिकार म्हटल्यावर निदान आपल्याला तरी शब्दकोश उघडावा लागू नये.

दुसरी मेख गिऱ्हाइकाची. कापूस भले पडत्या भावाने, पण विकला जातो. जिनिंगवाल्याला माझाच कापूस हवा असे नसते, कुणाचाही चालतो. नावाचे उलट आहे. 'व्हीआर मंडी' हेच नाव हवे असलेला माणूस जगात एक असेल, नसेलही. असलाच तर तो 'व्हीआर'नंतर दुसरे एखादे अक्षर जोडून हजार रुपयात नवे नाव घेईल. या धंद्यात मुरलेले लोकच म्हणतात, शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली तर बरे म्हणायचे. मग हिशेब मांडा. शंभर नावांचा वर्षाचा मक्ता लाख-सव्वा लाख. एक-दोन नावांत तो निघायचा तर प्रत्येक नाव पन्नास हजार ते सव्वा लाखाला गेले पाहिजे, तेही नुसते बरोबरीला यायला. त्यातून विकून देणारा पंधरा-वीस टक्के अडत कापणार. अडत तिथेही आहे बरे का.

पुतण्याला २०२२ मध्ये एका नावाला दीडशे डॉलरची मागणी आली होती, तेव्हाचे साडेअकरा हजार रुपये. त्याने नाकारली. वर्गात त्याला पाच हजार डॉलरची अपेक्षा ठेव म्हणून शिकवले होते. २०२४ मध्ये दुसरे एक नाव अडत जाऊन नऊ हजाराला गेले. तीन वर्षांची विक्री एवढीच.

मी त्याला रागावलो नाही. कारण २०२३ मध्ये मीच तीस क्विंटल कापूस घरात भरून बसलो होतो. मागल्या वर्षी दहा-बारा मिळाले, यंदा का नाही, म्हणून. साडेआठ आले तेव्हा दिला नाही, कापसातल्या पिसवांनी पोरांचे अंग फोडले, शेवटी सात हजारांना घातला. तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केले. तेव्हा 'पोरांना अक्कल नाही' हे वाक्य आपण तोंडातून काढू नये. फरक एवढाच की कणगीतली ज्वारी भाव नाही आला तर खाता येते, कडबा जनावराला जातो, कापसाची सरकी तरी राहते. नावाची भाकरी होत नाही.

तिसरी गोष्ट मला उशिरा कळली, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. या धंद्यात शब्दच बदलतात. कापसात एच-४ गेली, एनएचएच-४४ मागे पडली, २००२ नंतर बीटी आली. जुन्या वाणाची पिशवी कुणी सट्ट्याने साठवील का? या चष्म्याचेही तसेच आहे. आधी व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणत, मग मिक्स्ड रिॲलिटी, मग मेटाव्हर्स. ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरचा चष्मा बाजारात आणला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सांगितले की याला व्हीआर म्हणू नका, 'स्पेशियल कॉम्प्युटिंग' म्हणा. जगातली एवढी मोठी कंपनी वस्तू विकते आणि तिचे जुने नाव घेऊ देत नाही. त्या जुन्या नावाची साठ पोती घेऊन आमचा पोरगा बाजारात उभा!

बड्यांचेही काही बरे चाललेले नव्हते. गूगलने आपला 'डेड्रीम' चष्मा २०१९ मध्ये बंद केला. मायक्रोसॉफ्टने 'अल्टस्पेस' २०२३ मध्ये गुंडाळले, त्याच महिन्यात डिस्नेने आपला मेटाव्हर्स विभाग मोडला. मेटाच्या या खात्याचा तोटा २०२२ मध्ये साधारण १,३७० कोटी डॉलर, २०२३ मध्ये १,६१० कोटी आणि २०२४ मध्ये १,७७० कोटी. ती कंपनी जाहिरातींच्या नफ्यातून हा तोटा भरत होती. आपण कशातून भरणार? पीककर्जातून?

एक धोका कायद्याचाही आहे. 'मेटा', 'ऑक्युलस' असली कंपनीची नावे जोडून पत्ता घेतला तर १९९९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाने कंपनी तो काढून घेऊ शकते. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात त्याच वर्षी 'रेडिफ' आणि 'रॅडिफ'चा वाद झाला होता, त्यात नक्कल करणाऱ्याला थांबवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असे सांगितले. 'मेटा ट्रॅक्टर' पुतण्याने पहिल्याच वर्षी सोडले असते तर बरे झाले असते. कुणी विचारायला आले नाही हे नशीब.

तर त्या तिघांना माझे उत्तर. सट्ट्यासाठी नावे घ्यायला कापसाचा एक रुपया देऊ नका. पोरगा स्वतः कमावतो, गमवायची तयारी आहे, तर त्याचे तो बघेल. उसनवारी करून, सोने ठेवून मुळीच नको. सागवान, इमू, सफेद मुसळी, कडकनाथ यांच्या वेळी दारात जे बोलणे झाले ते आठवा आणि या वर्गवाल्याचे बोलणे त्याच्याशेजारी ठेवून पाहा. नाव विकून त्याने स्वतः गेल्या वर्षी किती मिळवले आणि वर्गाच्या फीतून किती, एवढे दोनच आकडे विचारा.

पण वापरायचे नाव जरूर घ्या. बचत गटाच्या डाळीचे, उत्पादक कंपनीच्या सरकी तेलाचे, हुरड्याचे गिऱ्हाईक करणाऱ्याचे, एकेकच नाव, आपल्या धंद्याचे. हजार-बाराशे रुपये वर्षाला, दुकानाच्या पाटीएवढा खर्च. देवनागरीतही मिळते. 'डॉट भारत' २०१४ पासून सुरू आहे, मराठीत टंकता येते. मात्र काही ठिकाणी ई-मेलला देवनागरी पत्ता चालत नाही, म्हणून जोडीला डॉट इनचे साधे नाव ठेवावे. नाव घेताना नोंद स्वतःच्या नावावर, स्वतःच्या फोन नंबरावर करून घ्या. तालुक्याच्या संगणकवाल्याच्या नावावर राहिले तर तो मालक आणि तुम्ही त्याचे कूळ.

पुतण्याने गेल्या फाल्गुनात दोन नावे ठेवली. एकावर वहिनींच्या गटाची तूरडाळ आहे, त्या पत्त्यावरून संक्रांतीला पुण्याच्या चार सोसायट्यांची मागणी आली होती. दुसरे त्याच्या स्वतःच्या नावाचे आहे. बाकीच्यांचे पैसे त्याने भरले नाहीत, मुदत संपून ती परत बाजारात गेली. यादी माझ्याकडे आहे, कुणाला हवी असेल तर पुढच्या बैठकीला आणतो.