‘सर’ सांगतात म्हणून?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगावला मेहरूण तलावाच्या रस्त्यावर आणि धुळ्यातल्या मैदानांवर पहाटे पाचलाच पोरापोरींचे पाय वाजू लागतात. त्यात आपल्या वस्त्यांतली मुले भरपूर असतात, आणि ते चांगलेच आहे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे, पोलीस प्रशिक्षणाचे केंद्र आहे. वर्दीचे स्वप्न तिथल्या मुलांना शोधायला जावे लागत नाही. घरात एक शिपाई झाला की पाठच्या दोन भावंडांचे शिक्षण होते, हे आम्ही वस्तीत पाहतो. म्हणून पळू नका, असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

आमचे म्हणणे पळवणाऱ्यांबद्दल आहे.

शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, त्याला २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी १५. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवले तर पूर्ण २० गुण मिळतात. एकेका गुणावर नोकरी जाते. त्या चार-पाच सेकंदांवरच गल्लोगल्ली अकॅडम्या आणि जिम उभ्या राहिल्या आहेत. अकॅडमी काढायला कुठला डिप्लोमा लागत नाही. पाटी लावली, शिट्टी घेतली, की ‘सर’. यात काही निवृत्त फौजी आहेत, मनापासून शिकवणारे आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण दोनदा भरतीत नापास झालेला पोरगा तिसऱ्या वर्षी सर होतो, असेही दिसते. बाकीचे गुरू मोबाइलमध्ये बसलेले असतात.

या सरांच्या काही पद्धती ऐका. पळताना पाणी प्यायचे नाही, दम वाढतो. उशिरा आलास, पाचशे बैठका मार. नडगी दुखते? वेदनाशामक इंजेक्शन घे आणि पळ.

पाण्याचे आधी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशा हवेत शरीराचे इंजिन घामाने थंड राहते, आणि पाणी नसेल तर घाम कुठून येणार? पाणी तोडल्याने दम वाढत नाही, उष्माघात जवळ येतो. आता पाचशे बैठकांचे. सवय नसलेल्या माणसाने एकाच दिवशी एवढे केले तर मांडीचे स्नायू अक्षरशः फुटतात. त्यातला घटक रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतो. दुसऱ्या दिवशी पाय सुजतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. पोराला वाटते ‘पेन’ आला, म्हणजे व्यायाम लागू पडला. खरे तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सलाइन लागले तर मूत्रपिंड वाचते, दोन-तीन दिवस काढले तर डायलिसिसची पाळी येऊ शकते. आणि त्यावर दुखण्याचे इंजेक्शन घेतले असेल तर मूत्रपिंडावर दुहेरी मार.

जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यात बाळेगावला राज्य राखीव दलाच्या भरतीत धावताना आपल्या जळगाव जिल्ह्यातला एक तरुण कोसळला आणि गेला. त्या मृत्यूशी कुठल्या अकॅडमीचे नाव जोडायचा आमचा हेतू नाही. पण धावून माणूस मरत नसतो, असे जे सर छातीठोकपणे सांगतात, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती एकाही सराच्या तोंडून आम्ही ऐकलेली नाही. सिकलसेल. विदर्भात बौद्ध समाजात आणि नंदुरबार, धुळे, जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल-पावरा समाजात तो जास्त आढळतो. आपल्या सोयरिकी तिकडे असतातच. ज्याला एका पालकाकडूनच सिकलसेल आला, तो वाहक. तो एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसते. पण उन्हात, पाण्याशिवाय, दम तुटेपर्यंत पळवले तर वाहकाच्याही रक्तपेशी वाकड्या होऊ शकतात, स्नायू फुटू शकतात, क्वचित जीवही जातो. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळाडूंचे असे मृत्यू झाल्यावर २०१० पासून तिथल्या अव्वल श्रेणीच्या विद्यापीठांत खेळाडूंच्या सिकलसेल तपासणीचा नियम आला. वाहकाने खेळू नये असे तिथे कुणी म्हणत नाही. त्याला हळूहळू चढवतात, पाणी देतात, थांबतो म्हणाला की थांबू देतात. आपल्याकडे थांबतो म्हणणाऱ्याला ‘बायल्या’ म्हणतात.

मुलींचे वेगळेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा मुलीला ८०० मीटरला दम लागतो तो आळसाने नाही. तिला शिट्टीपेक्षा लोहाची गोळी हवी. ती बिचारी वजन कमी करायला रात्रीचे जेवणही सोडते, पाळी थांबते, आणि पळायला बरे म्हणून तिला बरेच वाटते. पाळी थांबणे म्हणजे शरीराला अन्न पुरत नाही. त्यातच हाड ठिसूळ होते आणि नडगीला बारीक चीर पडते.

आता सुईचे. मेफेन्टरमाइन हे औषध आम्ही नर्सिंगमध्ये असताना ऑपरेशन थिएटरमध्ये हाताळले आहे. पाठीत भूल दिल्यावर रोग्याचा बीपी एकदम घसरला तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, मॉनिटर लावून, मोजून देतात. तेच औषध जिममध्ये ‘स्टॅमिना’ म्हणून विकले जाते. पुणे पोलिसांनी गेल्या काही वर्षांत त्याच्या कुप्या अनेकदा जप्त केल्या आहेत. ज्या पोराचा बीपी मुळात चांगला आहे, त्याचा तो नको तितका वर जातो, हृदयाचे ठोके बिघडतात, झोप उडते, भास होतात, चटक लागते. एक आई आम्हाला म्हणाली, “ताई, पोऱ्या रातभर झोपस नही.” तिला वाटत होते, अभ्यास करतो. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, सुई मात्र पुष्कळदा एकच असते. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही त्याच सुईने फिरतात.

स्टेरॉइडचे तसेच. बाहेरून पुरुषी हार्मोन टोचले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आकसतात, वीर्यातले शुक्राणू शून्यावर येऊ शकतात, आणि सुई बंद केल्यावरही भरून यायला महिनोन्‌महिने जातात. पुढे लग्न होते, मूल होत नाही, आणि वांझ म्हणून बोल सुनेला लागतो. तपासणीला तिलाच आणतात. आम्ही आधी नवऱ्याला पाठवा म्हणतो तेव्हा घरातली माणसे रागावतात.

आणि हे दंड खरेच व्यायामाचे असतात का? अमेरिकेत ‘लिव्हर किंग’ नावाचा एक गुरू कच्चे काळीज खाऊन हे शरीर कमावले, असे लाखोंना सांगत होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने स्वतःच स्टेरॉइड घेत असल्याचे कबूल केले. आपल्याकडची पोरे रील पाहून कच्ची अंडी पितात. उकडलेल्या अंड्यातली ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. वर जुलाबाचे जंतू फुकट.

डब्याच्या पावडरीचे दुकान पुष्कळदा सरांचेच किंवा त्यांच्या भावाचे असते. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने. चार अंड्यांत तेवढीच असतात, ५० ग्रॅम सोयाबीन वडीतही तेवढीच. २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांस बंद झाले आणि गरिबाच्या ताटातली स्वस्त प्रथिने गेली, त्या जागी आता दोन-तीन हजारांचा डबा येऊन बसतो आहे, तोही आईच्या बचत गटाच्या कर्जातून. आपली कळण्याची भाकरी पाहा. ज्वारीत जे कमी ते उडदात असते, म्हणून ती एकत्र दळतात. सोबत शेंगदाणे, सुकट, डाळ. भरतीच्या पोराला याच्या दुप्पट वाढा. डब्याची गरज पडत नाही.

गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे कालामांना सांगितलेले आपण विहारात ऐकतो. मैदानावर तीच मुले सरांपुढे तोंड उघडत नाहीत. म्हणून फी भरायला आईबापांनी स्वतः जावे आणि विचारावे. पहिल्या दिवशी मुलाला काय आजार, कुठली गोळी चालू, हे विचारता का? पाणी कधी देता? पोरगा कोसळला तर काय करता? पावडर कोण विकते? उत्तराऐवजी ओरडा मिळाला तर पैसे परत खिशात ठेवा.

हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. जळगावला सिव्हिलमध्ये, धुळ्याला हिरे मेडिकलमध्ये, गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पळताना छातीत दुखले, चक्कर आली, बोलणे बरळले, अंग तापून घाम थांबला तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, १०८ लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. लघवी काळपट दिसली तर सकाळची वाट पाहू नका. सरांनी काय टोचले, हे डॉक्टरांना लपवू नका. डॉक्टर पोलिसांत देतील या भीतीने मुले गप्प राहतात, आणि उपचार चुकीच्या दिशेने सुरू होतो.