कुमार कादंबरीतील न्यायकल्पना : एक टिपण

मराठी कुमारसाहित्यात गुन्हा पुष्कळ आहे, अन्याय मात्र अभावानेच आढळतो. चोर, दरोडेखोर, तस्कर, पळवून नेलेला मुलगा, दडवलेला ऐवज ही सामग्री तेथे विपुल आहे. परंतु ज्याच्याकडे दाद मागावयाची तोच गुन्ह्यात सामील असेल तर काय, हा प्रश्न या वाङ्मयाने आपल्या वाचकापुढे सहसा ठेवलेला नाही. इंग्रजीत चौदा ते अठरा या वयाच्या वाचकांसाठी गेल्या काही दशकांत जी गडद गुन्हेकादंबरी रुजली, तिच्यात पोरकी भावंडे स्वतःच न्यायाचा शोध घेऊ लागतात, असे कथानक पुनःपुन्हा येते. अशी कादंबरी मराठीत का रुजली नाही, असे विचारले असता दोन उत्तरे मिळतात. ती आपल्या मातीतली नव्हे, हे पहिले. आणि एवढा काळोख कोवळ्या वाचकाला सोसणार नाही, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत. पहिले वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसऱ्यात मुलांच्या काळजीपेक्षा प्रौढांची सोय अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. या कथा मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, तरी मुलांनी त्या चोरून वाचल्या. त्यांतील झुंजार किंवा काळापहाड हे कायद्याच्या चौकटीला वळसा घालून दुर्जनांना शासन करणारे नायक होत. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा या धाडसाचा निर्मळ, कुमारवयीन अवतार. भागवतांची विनोदबुद्धी, वेगवान निवेदन आणि मुलाच्या बुद्धीवरील त्यांचा विश्वास यांचे ऋण मराठी वाचकाने मान्यच केले पाहिजे. तथापि या जगाचा पाया एका गृहीतकावर उभा आहे : गुन्हेगार बाहेरचा असतो, आणि एकदा का तो ओळखला गेला की व्यवस्था आपले काम चोख करते. मुलाने फक्त चोर दाखवून द्यावयाचा असतो. पुढचा भाग फौजदार पाहून घेतात. 2017 साली पडद्यावर आलेला फास्टर फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या निमित्ताने पुण्यात येतो आणि एका विद्यार्थ्याचा मृत्यू ही आत्महत्या आहे, हा पोलिसांचा निष्कर्ष मानण्यास नकार देतो, ही या दृष्टीने लक्षणीय घटना होय. मूळच्या गृहीतकाला तडा जाण्यास एवढा काळ लागला आणि तोही ग्रंथात न जाता चित्रपटात गेला, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.

परंतु भावंडांची न्यायासाठीची वणवण ही कथा आपल्याकडे नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंपरेने सांगितलेल्या ज्ञानदेवचरित्राच्या मुळाशी हीच कथा आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले जाते. ते ती शिक्षा भोगतात, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरतात. पोरकेपण, बहिष्कार, आणि ज्यांनी आईबापांचा बळी घेतला त्या व्यवस्थेच्याच दारी दाद मागण्याची पाळी, यांहून अधिक गडद कथावस्तू कोणत्या परकीय कादंबरीत सापडेल? मात्र आपण ही कथा मुलांना सांगतो ती रेड्याच्या मुखातून वदविलेल्या वेदाची कथा म्हणून. चमत्कार घडतो, सभा नतमस्तक होते, आणि त्या दोन मृत्यूंचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न चमत्काराच्या प्रकाशात दिसेनासा होतो. कुमार रहस्यकथेत चतुर मुलाची युक्ती नेमके हेच काम करते. चमत्कार असो वा युक्ती, न्याय सहज मिळतो असा दिलासा देऊन ती वाचकाची पुढील प्रश्नांपासून सुटका करते.

दुसरे उदाहरण साहित्यातले नसून आमच्याच वनप्रदेशातले आहे. विधी महाविद्यालयांत ते ‘मथुरा प्रकरण’ या नावाने शिकविले जाते. मराठीच्या वर्गात त्याचा उल्लेख क्वचितच होत असेल. आईवडील लहानपणीच वारलेली, मोलमजुरी करून जगणारी भाऊ आणि बहीण अशी ही दोन आदिवासी भावंडे होती. 26 मार्च 1972 रोजी भावाने देसाईगंज पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. तेव्हा हे गाव चांदा जिल्ह्यात होते. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. रात्री सर्वांचे जबाब झाल्यावर इतरांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि बहिणीला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्यातले दिवे मालवले होते, दार आतून बंद होते, आणि बाहेर जमाव गोळा झाला होता. तिचे वय वैद्यकीय तपासणीनुसार चौदा ते सोळा वर्षांचे होते. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटे ठरवून दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने संमती आणि भयापोटी पत्करलेली शरणागती यांत भेद करून त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ही शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निर्णयाचा एक प्रमुख आधार होता.

येथे चोर दाखवून देण्याचा प्रश्नच उरत नाही. गुन्ह्याची जागा आणि फिर्यादीची जागा एकच आहे. कुमार रहस्यकथेचे सर्व संकेत या एका गोष्टीने निरुपयोगी होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट भावाच्या फिर्यादीत दडलेली आहे. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने केली होती. वस्तुतः एका तरुणाशी तिचे मन जुळले होते आणि त्याच्याशी लग्न करण्याचा तिचा विचार होता. म्हणजे भाऊ ज्याला न्याय समजून ठाण्याची पायरी चढला, तो बहिणीच्या इच्छेविरुद्धचा न्याय होता. भाऊ म्हणजे रक्षणकर्ता, ही कल्पना भाऊबीज-राखीच्या गीतांपासून क्रमिक पुस्तकांतील धड्यांपर्यंत आपण घोटून घेतली आहे. त्याच कल्पनेने त्याला ठाण्यापर्यंत आणले, आणि पुढे जे घडले त्यात दोघेही होरपळले. त्या रात्रीनंतर ही दोन भावंडे एकमेकांशी काय बोलली असतील? न्यायालयाच्या कागदपत्रांत याचे उत्तर नसते. ते तेथे असण्याचे कारणही नाही. कादंबरीचे कार्यक्षेत्र नेमके येथून सुरू होते. अपराध कोणी केला हे सुरुवातीपासून ठाऊक असताना कथा पुढे सरकते ती अपराधभाव, रोष आणि माया यांच्या बळावर. रहस्य उलगडण्यापेक्षा ही रचना कितीतरी अवघड आहे.

आता दुसरा आक्षेप. कोवळ्या वाचकाला हे सोसेल काय? 2019 साली राजुऱ्यातील एका वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थिनींवरील अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा त्या मुली शाळकरी वयाच्या होत्या. ज्या वयाच्या मुलींना असे वाचणे सोसणार नाही असे आपण म्हणतो, त्या वयाच्या मुली ते सोसत होत्या. त्यांच्या बरोबरीची मुले पुढे आमच्या वर्गात येतात. बातमी त्यांनी ऐकलेली असते, कुजबुज ऐकलेली असते. त्या अनुभवाला शब्द देणारे पुस्तक तेवढे त्यांच्या हाती आलेले नसते. हार्पर ली यांच्या 1960 सालच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत स्काउट आणि जेम ही भावंडे एका निरपराध कृष्णवर्णीयाला दोषी ठरविले जाताना भर न्यायालयात पाहतात. न्याय मिळत नाही. मुले मात्र न्याय म्हणजे काय ते शिकतात. हे पुस्तक अमेरिकेतील शाळांतून दीर्घकाळ वाचले गेले, त्यावर वादही झाले. पण मुले ते वाचत राहिली.

अर्थात या वाटेवर धोके आहेत आणि ते दृष्टीआड करणे योग्य नव्हे. जिवंत व्यक्तीच्या यातनेचे चटकदार कथानक करणे हा दुसरा अन्याय होईल. लेखकाने प्रसंगातील प्रश्न घ्यावा, व्यक्ती घेऊ नये. सूडाने शेवट गोड करणे हेही काळापहाडाच्या वाटेने मागे जाणेच होय. तिसरा धोका भाषेचा. झाडीबोलीत, गोंडीत वा कोलामीत सांगितलेली वेदना फिर्यादीत उतरताना ठाण्याच्या मराठीत येते, आणि त्या प्रवासात सांगणारीचा आवाज हरवतो. प्रमाण मराठीत सफाईने बोलणारी आदिवासी भावंडे रंगवणारी कादंबरी तोच जबाब पुन्हा एकदा लिहून घेईल. तेव्हा अशी कादंबरी या भागातील बोलींत वाढलेल्या लेखणीतून यावी, हे अधिक इष्ट.

एक गोष्ट अखेरीस नोंदवावीशी वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सारे शांत झाले होते. ती शांतता सप्टेंबर 1979 मध्ये एका खुल्या पत्राने मोडली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी ते सरन्यायाधीशांना लिहिले होते. देशभर आंदोलने झाली आणि 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. त्या दोन भावंडांना मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. हे चौघे कायदा शिकविणारे होते. एका निकालाचे त्यांनी बारकाईने वाचन केले आणि जे वाचले ते लपविले नाही. वाङ्मय शिकविणाऱ्यांचे कामही याहून वेगळे नाही. मुलांना काय सोसेल याचा निर्णय त्यांच्या वतीने घेण्यापूर्वी, आपल्याला काय वाचणे सोसत नाही, हे आपण एकदा स्वतःला विचारावे.