छपराचा अंदाज

रत्नागिरीकडील एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. घर जुने, कौलारू. सासरे निवर्तल्यापासून ते तिघा भावांचे आणि दोघी बहिणींचे. वडील दीर मुंबईस, धाकटे परदेशी. घरी राहणारे मधले, म्हणजे ह्या बाईंचे यजमान. माघात माळ्यावर चढून पाहता एका वाशाचे टोक हाताने चुरगळले, तेव्हा सुतारास बोलावून अंदाज मागितला. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर एकच आकडा लिहून दिला. तो सर्वांस कळविताच मुंबईहून उत्तर आले, की एवढ्यात पत्रे घालून सबंध छप्पर नवे होईल. परदेशस्थ दिरांनी विचारले, की एका कौलास पडते किती आणि मग एवढी रक्कम होते कशी? वन्संस कोणी काही विचारलेच नाही. आता बाई पुसतात, की हा आकडा वाजवी की गैरवाजवी हे आम्ही बायकांनी कसे ओळखावे?

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की एका आकड्यावरून ते बायकांसच काय, इंजिनिअरासही ओळखता येणार नाही. सुतार लबाड आहे असे आमचे म्हणणे नाही. बहुधा तो आपल्यापरीने सरळच असतो. पण त्या आकड्याच्या पोटात चार निरनिराळे खर्च दडलेले असतात आणि त्यांतील एक असा असतो, की कौले उतरविल्याशिवाय तो सुतारासही ठाऊक नसतो. तेव्हा आकडा मोठा की लहान ह्यावर भावाभावांत पत्रे धाडण्यापूर्वी तो उकलून घेणे बरे. दर आम्ही मुद्दामच देत नाही. ते गावोगावी निराळे आणि वर्षागणिक बदलणारे. मापे मात्र सर्वत्र सारखीच, आणि घोटाळा बहुधा मापांतच होतो.

समजा, घर भिंतींच्या मापाने ४० फूट लांब व २५ फूट रुंद आहे. बोलताना आपण ह्यास हजार फुटांचे घर म्हणतो आणि छप्परही हजार फुटांचे धरून चालतो. परंतु वळचण चारी बाजूंस अडीच फूट पुढे आलेली असते. म्हणजे छपराखालची जमीनच ४५ गुणिले ३०, अर्थात १,३५० चौरस फूट झाली. शिवाय छप्पर उतरते. आढ्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर १५ फूट आणि आढे वळचणीहून ८ फूट उंच असेल, तर पाख्याची तिरकी लांबी १७ फूट येते. शाळेत शिकलेले काटकोन त्रिकोणाचे गणित येथे प्रथमच कोणाच्या उपयोगी पडत असेल! दोन पाखी, प्रत्येक १७ फूट रुंद व ४५ फूट लांब. मिळून १,५३० चौरस फूट. हजारांच्या घरावर दीड हजारांचे छप्पर. सुताराने ‘पंधरा ब्रास’ म्हटले (१०० चौरस फुटांचा एक ब्रास) तर त्याने पाच ब्रास चोरले असे नव्हे; आपलेच माप अपुरे होते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की तुमचा दर जमिनीच्या मापावर की पाख्याच्या मापावर? दोघा सुतारांचे अंदाज ताडून पाहताना हा एक प्रश्न न विचारल्यामुळे स्वस्त वाटलेला अंदाज पुढे महाग पडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

आता परदेशस्थ दिरांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे ज्यांस मंगळूरी कौले म्हणतात, त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ साली काढला. तत्पूर्वी किनाऱ्यावरील घरांवर नळीची कौले किंवा गवत असे. मंगळूरी कौले १०० चौरस फुटांस सुमारे १४० लागतात. म्हणजे आपल्या छपरावर ती २,१४० च्या घरात असावयाची. पण ती सगळी थोडीच बदलावयाची आहेत? चांगले भाजलेले कौल दोन पिढ्या सहज टिकते. बोटाच्या पेराने टिचकी मारली असता खणखणीत वाजले तर ते शेवाळ घासून पुन्हा चढवावे. बद्द वाजले तर त्यात तडा आहे. दर दहांत एक फुटके निघाले असे धरले, तरी नवी कौले दोन-सव्वादोनशे लागणार. सबंध अंदाजात कौलांची किंमत हा बहुधा लहान भाग असतो, आणि घरात सर्वांत जास्त चर्चा मात्र तिचीच होते. कौल डोळ्यांस दिसते, वासा दिसत नाही, ह्यापलीकडे त्यास कारण नाही.

कौलांसंबंधी खरी अडचण किमतीची नसून ठशाची आहे. प्रत्येक कारखान्याच्या कौलाच्या खाचा थोड्या निराळ्या. जुन्या कौलांच्या रांगेत नवे कौल बसविले, तर खाच खाचेत नीट बसत नाही आणि नेमके तेथूनच पाणी शिरते. ह्यावर जाणत्या कारागिरांची एक युक्ती आहे. गोठ्यावर किंवा न्हाणीघरावर त्याच ठशाची कौले असतील, तर ती उतरवून घराचे छप्पर पुरे करावे आणि नवी कौले गोठ्यावर घालावी. नवे कौल घेताना उताणे ठेवून त्यात पाणी ओतावे आणि काही तासांनी खालची बाजू पाहावी. ओल उतरून थेंब धरू लागला तर तो माल परत करावा, मग दुकानदार काहीही म्हणो.

खरा खर्च लाकडाचा. रिपा एकमेकींपासून फूटभर अंतरावर असतात, म्हणून जितके चौरस फूट छप्पर, जवळजवळ तितकेच फूट लांबीची रीप लागते, हे लक्षात ठेवण्यास सोपे आहे. आपल्या छपरास ती दीड हजार फूट. २ इंच गुणिले १ इंच जाडीची धरली तर सुमारे २१ घनफूट लाकूड झाले. वासे दोन-दोन फुटांवर असल्यास एका पाख्यास २४, दोन्हींस ४८. प्रत्येक १७ फुटांचा व ४ गुणिले ३ इंचांचा. मिळून ६८ घनफूट. ऐन, किंजळ, फणस, साग ह्यांपैकी काय वापरावयाचे त्यावर घनफुटाचा दर ठरतो आणि तो दर ह्या ६८ ला गुणला म्हणजे छाती दडपते.

पण ६८ घनफूट लागणार असे कोणी सांगितले? वासा सगळा सहसा कुजत नाही. तो कुजतो भिंतीवर टेकतो तेथे, वळचणीच्या टोकास, आणि वर्षानुवर्षे एकाच जागी गळत असेल तर त्या गळतीखाली. चामड्याचे दाभण घेऊन माळ्यावर चढावे आणि प्रत्येक वाशास दोन्ही टोकांशी व मध्ये टोचावे. दाभण अडले तर वासा शाबूत. पाऊण इंच आत गेले तर खडूने खूण करावी. ४८ पैकी १२ वाशांवर खुणा झाल्या, तर काम १७ घनफुटांचे आहे. त्यांतही ज्याचे केवळ टोक गेले आहे, त्याचा कुजका भाग कापून बगलेस दुसरा तुकडा बोल्टांनी जोडता येतो. सबंध वासा बदलण्याचे कारण पडत नाही. हे काम एका दुपारचे आहे आणि ते करण्यास पदवी लागत नाही. पत्रलेखिका बाईंनी ते यजमानांकडून करवून घ्यावे, किंवा सरळ स्वतःच करावे.

तरीसुद्धा आढ्यापाशी व रिपांच्या खाली काय आहे, हे कौले उतरल्यावाचून कळत नाही. येथेच उक्त्या कामाची मेख आहे. सुतारास सगळे काम उक्ते दिले, तर न दिसणाऱ्या लाकडाची धास्ती तो आधीच आकड्यात घालतो आणि लाकूड चांगले निघाले तरी ते पैसे परत येत नाहीत. उलट त्याने धास्ती न घालता कमी आकडा सांगितला, तर छप्पर उघडे पडल्यावर, आभाळ भरून आले असता, तो वाढीव पैसे मागतो. आणि त्या घडीस नाही म्हणण्याची आपली प्राज्ञा नसते. म्हणून काम दोन भागांत ठरवावे असे आमचे मत आहे. कौले उतरविणे, घासणे, निवडणे, पुन्हा चढविणे, परांची बांधणे, मोडतोड उचलून नेणे हे दिसणारे काम; ते उक्ते द्यावे. लाकूड मात्र घनफुटाच्या दराने, जितके प्रत्यक्ष बसेल तितके. आणि लाकडाचा खर्च अमुक रकमेपलीकडे जाऊ लागला तर विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, हे आधी लिहून ठेवावे. ज्या दिवशी छप्पर उघडेल त्या दिवशी घरातील कोणी तरी जाणते माणूस तेथे हजर असावे. कुजलेल्या लाकडाची छायाचित्रे त्याच संध्याकाळी फोनवरून मुंबईस व परदेशी धाडता येतात. पुढील दहा पत्रांचे काम त्यांनी होते.

मजुरी पुष्कळांस अवाच्या सव्वा वाटते. एक कौल अडीच किलोंचे धरले तर सारे छप्पर पाच हजार किलोंहून जड भरते. ते हातोहात खाली उतरवावयाचे, एकेक घासून निवडावयाचे आणि पुन्हा तितक्याच उंचीवर न्यावयाचे. तेही वैशाखाच्या उन्हात. मंडळींनी एकदा पन्नास कौले उतरवून पाहावी, म्हणजे हा आक्षेप पुन्हा निघणार नाही. मजुरी वाचविण्याचा उपाय घासाघीस हा नव्हे, वेळ हा आहे. मृगाच्या तोंडावर साऱ्या गावास तीच माणसे हवी असतात. काम पौष-माघात ठरवून फाल्गुनात केले, तर माणसे मिळतात, लाकूड पारखून घेता येते आणि एकेक पाखे उघडून निवांतपणे काम होते. दोन्ही पाखी एकदम उघडू देऊ नयेत. वळवाचा पाऊस कोणास विचारून येत नाही. ताडपत्री जवळ असावी.

पत्र्यांविषयी वडील दिरांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पत्रा हलका, त्यास रिपा कमी लागतात आणि ज्या गावी वानरांच्या टोळ्या रोज छपरावरून धावतात, तेथे कौलांचा पराभव ठरलेलाच आहे. परंतु तुलना बरोबरीची हवी. पत्र्याच्या अंदाजात लोखंडी सांगाडा, जुने छप्पर उतरविणे, आढ्यावरील झाकण आणि उन्हासाठी खालून तक्तपोशी हे सारे धरले आहे काय ते पाहावे. धरले असेल तर फरक बराच कमी झालेला दिसेल. आणि जे हलके ते वाऱ्यास सोपे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यास धडकले, तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडाकडे कौलेही उडाली व पत्रेही उडाले. पत्रा घालावयाचा तर तो सांगाड्यास आणि सांगाडा भिंतीस घट्ट जखडण्याचा खर्च वगळून चालत नाही. जाता जाता हेही सांगतो, की १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचा घराचा ठरीव विमा निघाला आहे. वादळाने झालेले नुकसान त्यात येते. कालमानाने कुजलेला वासा येत नाही.

आता पैसे कोणी द्यावयाचे? बाईंनी हे स्पष्ट विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळीओळींत तेच आहे. आम्ही छपराचा खर्च दोन प्रकारचा मानतो. दरसाल कौले चाळणे, फुटकी बदलणे, पन्हळी साफ करणे हा राहण्याचा खर्च. तो राहणाराने करावा. वासे, आढे, रिपा बदलणे हा घर टिकविण्याचा खर्च. तो ज्यांचे ज्यांचे घर, त्या सर्वांनी हिश्श्याप्रमाणे. मधल्या भावाने दर चैत्रात छपरावर चढून जे श्रम केले, ते कोणाच्या वहीत नाहीत, हेही मुंबईकरांनी ध्यानात घ्यावे. गणपतीला चार दिवस येऊन ‘घर कसे छान ठेवले आहे’ म्हणणे त्यांस सोपे असते.

आणि वन्संस विचारलेच पाहिजे. वडिलांच्या मिळकतीत मुलींस १९५६ च्या वारसा कायद्याने वाटा दिला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या व सर्व देशात २००५ च्या दुरुस्तीने आला. माहेरवाशिणीकडे पैसे कसे मागावे, ह्या संकोचाने त्यांस वगळणे वरवर मायेचे दिसते. पण खर्चातून वगळलेली बहीण पुढे निर्णयातूनही वगळली जाते. तिला द्यावयाचे नसेल तर तसे तिने म्हणावे. तो तिचा अधिकार. एकाने सगळ्यांचे पैसे आज भरले तर किती भरले, कशासाठी भरले आणि ते कसे फिटणार, एवढे एका कागदावर लिहून पाचांनीही सही करावी. खर्च अधिक केला म्हणून घरातील वाटा आपोआप वाढत नाही, हे मधल्या भावासही ठाऊक असलेले बरे.

हे सारे ह्याच वर्षी करावे. भिंतीवर टेकलेले वाशाचे टोक कुजले, की भार शेजारच्या दोन वाशांवर जातो. छप्पर तेथे दबते, कौलांच्या खाचा उघडतात, पाणी भिंतीत उतरते. मग अंदाज सुताराचा राहत नाही, गवंड्याचाही होतो. १७ घनफुटांचे काम पुढल्या वर्षी १७ घनफुटांवर थांबत नसते.

कौले आणताना मोजून आणू नयेत; शेकडा पाच फुटतील असे धरावे आणि त्याहून पन्नास अधिक घ्यावी. उरलेली एकावर एक आडवी न रचता गोठ्याच्या भिंतीस उभी लावून ठेवावी, आणि कोणत्या कारखान्याचा कोणता ठसा आहे ते माजघराच्या दाराआड खडूने नव्हे, तेलरंगाने लिहून ठेवावे.