सफाईला मासा?

वाशी-नेरूळच्या फ्लॅटमध्ये मुलांच्या हट्टापायी फिशटँक येतो, आणि सोबत 'घाण खाणारा' म्हणून कोरीडोरास किंवा सकर. साफ खोटं! हे मासे विष्ठा खात नाहीत, उलट टाकीत स्वतःची भर घालतात.

कोरीडोरास मधूनच वर येऊन हवा गिळतो, आतड्यातून प्राणवायू घेतो. ती त्याची रीतच. पण सारखा वर धावू लागला की "बघा, कसा खेळतोय!" म्हणू नका. बहुधा पाण्यात प्राणवायू कमी झालाय, नाहीतर अमोनिया साठलाय. आधी पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेलं. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरात पंचेंद्रिय जीव घुसमटतो, आणि आपण व्हिडिओ काढतो?

फूटभर वाढलेला सकर 'जीवदया' म्हणून तलावात सोडणं तर आणखी वाईट. दक्षिण अमेरिकेचा हा मासा उजनी जलाशयातही पोचलाय. तिथल्या माशांवर कसली दया?